रांगेत होता

मी अर्जनवीस.
लोकांच्या विनंत्या, माझं अक्षर.
पत्र्याचं टेबल, निळी छत्री, कार्बनचे तीन कागद,
आणि काबूलच्या थंडीत शाई गोठू नये म्हणून
बाटली काखेत.
त्या दूतावासासमोर सव्वीस वर्षं,
मधली कुलपाची धरून.

समोर म्हणजे, आता तसं समोर नाही.
मी आलो तेव्हा बिहीच्या झाडांचं कुंपण होतं,
माळी एखादं फळ सहज हातावर ठेवायचा.
मग विटांची भिंत आली. राजवट पडली, भिंत राहिली.
मग काटेरी तारा. मग वाळूची पोती.
मग क्रेननं उतरवलेल्या सिमेंटच्या उभ्या लाद्या,
प्रत्येक हल्ल्यानंतर एक ओळ पुढे,
रस्ता तेवढा मागे,
आणि रस्त्यासोबत माझं टेबल.
या शहराचा इतिहास शिकायला पोरं
विद्यापीठात कशाला जातात?
इथं येऊन फूटपट्टी लावावी.

त्या देशानं आधी पुस्तकं पाठवली होती.
पेशावरच्या छावणीत माझा धाकटा भाऊ तिसरीत,
गुळगुळीत कागद, नव्या शाईचा वास:
मुजाहिदाकडे सात गोळ्या होत्या, तीन झाडल्या,
उरल्या किती?
भावानं चार लिहिलं. गुरुजींनी शाबासकी दिली.
पुढे त्याच देशाची विमानं आली
उरलेल्या चार शोधत.

बुधवार. पावणेनऊ.
मधुमेहानं मला वाचवलं, दुसरं काही नाही.
मी मशिदीमागच्या मुतारीत होतो.
रांगेत फरीदून दुभाषा होता,
चार वर्षं त्यांच्या सैनिकांसोबत हिंडल्याचं पत्र
प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी आणखी एका पिशवीत.
गुलालई होती, चादरीआड मूत्रपिंडाचा एक्स-रे.
हमायून रांगेत नव्हता, तो रिचार्जची कार्डं विकत
रांगेच्या कडेकडेनं फिरायचा.
पाण्याचा टँकर आला,
दर बुधवारी येतो तसा.

परतलो तेव्हा
माझं अक्षर सगळ्या गल्लीभर पडलं होतं.
'येण्याचं कारण' या रकान्यात
मी सकाळपासून लिहिलेलं:
उपचार. उपचार. जिवाला धोका. मुलीचं लग्न. जिवाला धोका.
ओल्या कागदांवरची शाई पसरली होती,
ती पाण्यानं पसरली असं मी घरी सांगितलं.

संध्याकाळी निवेदन आलं:
दूतावासातील सर्व कर्मचारी सुखरूप आहेत.
रात्री दुसरं, डोंगरातून:
आमचं लक्ष्य परकीयच होते.
दोन्ही निवेदनं नेटकी होती.
धंद्यानं सांगतो,
दोन्हीत एकही खाडाखोड नव्हती.

महिन्यानं फरीदूनची आई आली, भरपाईचा अर्ज घेऊन.
मृताचं दूतावासाशी नातं?
पर्याय तीन: कर्मचारी, कंत्राटदार, पाहुणा.
मी चौथा चौकोन हातानं काढला,
त्यापुढे लिहिलं: रांगेत होता.
अर्ज परत आला.
आम्ही पुन्हा भरला. तो पुन्हा आला.

मग एक म्हातारा, लोगरकडचा.
रस्त्यावरच जोडे काढून टेबलापाशी उभा राहिला,
जणू माझं टेबल म्हणजे कुणाचं घर.
मुलाचं प्रेत मिळावं म्हणून अर्ज.
वय? एकोणीस.
काय करायचा?
म्हातारा बराच वेळ माझ्या शाईच्या बाटलीकडे बघत राहिला.
"पाण्याचा टँकर चालवायचा," म्हणाला.
"तीनच आठवडे झाले होते.
त्याआधी त्याला गाडी येत नव्हती.
कुणी शिकवली, ठाऊक नाही."

लेखणी थांबली. मागे चारजण ताटकळत होते.
मी लिहिलं. माझ्या नेहमीच्या अक्षरात,
वेलांट्या होत्या तशाच वळवून,
आणि मृत्यूच्या कारणाचा रकाना
त्याला न विचारता कोरा सोडला.

त्यानं पगडीच्या पदरातून वीस अफगाणी काढले.
मी घेतले.
घ्यायला नको होते,
की त्याच्या तोंडावर फेकायला हवे होते,
अजून ठरत नाही.
नोट अजून गल्ल्यात आहे,
सुट्ट्यांना कितीही अडलं तरी
ती पुढे सरकवायला हात होत नाही.